मावशीच्या एकेचाळीस बहिणी

मावशीला सख्खी बहीण एकच. ती मोठी, म्हणजे ताई. ताईच्या पाठीवर मावशी आणि मावशीच्या पाठीवर कुणीच नाही, असं हे दोन माणसांत आटोपलेलं भावंडपण. पण एका सरकारी कॉम्प्युटरने मावशीला आणखी एकेचाळीस बहिणी बहाल केल्या, आणि त्या परत करता करता तिच्या नाकी नऊ आले.

मावशीचं दुकान सातासमुद्रापलीकडच्या एका शहरात, कपडे दुरुस्तीचं. लांब पँट आखूड करायची, अडकलेली चेन बदलायची, कोटाचं फाटलेलं अस्तर नवीन लावायचं. एक शिलाई मशीन, इस्त्रीचं भलंमोठं टेबल, पडदा लावलेला कोपरा, आणि गिऱ्हाइकाला बसायला दोन स्टुलं. यात भाग्य उजळण्यासारखं काही नव्हतं. उजळलं ते रस्त्यापलीकडच्या इमारतीमुळे. तिथे परदेशातून आलेल्यांच्या नोंदणीचं ऑफिस होतं. आत बसायला खुर्च्या कमी, टोकन घेतल्यावर नंबर लागायला अर्धा दिवस, आणि बाहेर वाऱ्याने कान गळून पडतील अशी थंडी. मग आपली माणसं टोकन खिशात टाकून समोरच्या दुकानात शिरायची, आणि नुसतं बसणं बरं दिसत नाही म्हणून शर्टाचं एखादं बटण लावायला द्यायची. काहीजण तर चांगलं घट्ट बटण जिन्यातच तोडून आणायचे, हे मावशीला दोऱ्याच्या टोकावरून कळायचं. ती काही बोलायची नाही. बटण लावताना त्यांच्या हातातली फाइल बघायची.

अशा फायली बघून बघून ही बाई ऑफिसात नोकरी न करता ऑफिसाचं सगळ्यात जुनं माणूस झाली. कुठल्या खिडकीत फोटोत कान दिसायला हवेत आणि कुठल्या खिडकीत नाही दिसले तरी चालतात, हे तिला पाठ. घरभाड्याच्या करारावर मालकाची सही निळ्या शाईत हवी. जन्मदाखल्याचं भाषांतर शिक्क्याचं हवं, भाच्याने केलेलं चालत नाही. डॉक्टरकडे नाव आधी घालायचं, आजारी मागाहून पडायचं. काचेच्या बाटल्यांचा डबा कुठल्या वारी बाहेर ठेवायचा, हेसुद्धा तीच सांगायची. नवरा लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर होता. तो म्हणायचा, "मी माणसं वर-खाली करतो, ही आत-बाहेर करते. धंदा एकच."

तिची शिकवायची पद्धत मात्र तिचीच. इस्त्रीच्या टेबलामागे ती स्वतः खिडकीतली बाई होऊन बसायची. गळ्यात टेप, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आणि चेहऱ्यावर असा काही तुसडेपणा, की समोरच्याला खरोखर घाम फुटावा.

"पुढचा!" ती ओरडायची. "जन्मतारीख?"

आपल्या माणसाला जन्मतारीख विचारली की तो एक आकडा सांगून गप्प बसेल तर शपथ. तो दवाखान्यात त्या दिवशी डॉक्टर कसा नव्हता, इथून सुरुवात करतो. दाखल्यावरची तारीख वेगळी आणि खरी वेगळी, कारण शाळेत घालताना आत्याच्या यजमानांनी, वगैरे वगैरे. मावशी टेबलावर कैची आपटायची.

"खिडकीत कहाणी सांगायची नाही! विचारलं तेवढंच बोलायचं. तिला तुमच्या आत्याच्या यजमानांशी लग्न करायचं नाहीये."

हा तिचा पहिला नियम. दुसरा नियम असा, की फॉर्मवर जिथे 'खुलासा लिहा' असं छापलंय, त्या चौकटीत पाय ठेवायचा नाही. खुलासा लिहिला की तो कुणीतरी वाचतो, वाचला की शंका येते, आणि शंका आली की फाइल वरच्या मजल्यावर जाते. वरच्या मजल्यावरून फाइल परत आलेली कुणी पाहिलेली नव्हती.

हे दोन्ही नियम अगदी पक्के. घोळ या दुसऱ्या नियमानेच केला.

झालं असं, की नोंदणीच्या फॉर्मवर एक रकाना होता. 'अडचणीच्या वेळी कुणाला कळवायचं?' नवीन आलेल्या माणसाचं त्या शहरात असतं कोण? घरमालक नाव घालू देत नाही आणि ऑफिसातल्या साहेबाचं घालायची छाती होत नाही. रकाना कोरा ठेवला तर फॉर्म परत. पहिल्यांदा जेव्हा एक नर्स त्या रकान्यावर पेन टेकवून रडकुंडीला आली, तेव्हा मावशी म्हणाली, "घाल माझं. त्यात काय एवढं?" पुढचा प्रश्न होता नात्याचा. आई, वडील, भाऊ, बहीण, आईची बहीण, वडिलांचा भाऊ, अशा चौकटी ओळीने छापलेल्या, आणि सगळ्यात शेवटी 'इतर, खुलासा लिहा'.

नर्सने विचारलं, "मावशी, कुठे खूण करू?"

मावशीने दोरा दाताने तोडता तोडता सांगितलं, "आता मावशी म्हणतेस तर मावशीवर कर. त्या शेवटच्या चौकटीकडे बघायचंसुद्धा नाही."

नर्सने 'आईची बहीण' या चौकटीत खूण केली. तिच्या मागून टॅक्सीवाल्याने केली. मग जुळ्यांच्या आईने, मग जुळ्यांच्या बापानेही, स्वतःच्या वेगळ्या फॉर्मवर. आपल्यात कुणाला यात काही खोटं वाटलं नाही. आपण नाही का, वडिलांच्या मित्राला काका आणि बसमधल्या अनोळखी बाईला काकू म्हणतो? कुणाच्या आजोबांनी त्या काकांचा जन्मदाखला मागितलाय?

रकान्याचा उपयोगही झाला, नाही असं नाही. मावशीचा फोन वाजू लागला. शाळेतून फोन, की तुमच्या नातवंडाने नाकात मणी घातलाय. ड्रायव्हिंगच्या परीक्षेवरून फोन, की तुमच्या भाच्याने गाडी कारंज्यात नेली, तो ठीक आहे, कारंजं ठीक नाही. लायब्ररीतून फोन, गुरांच्या दवाखान्यातून फोन. तिथे टॅक्सीवाल्याने आपल्या मांजराच्या कागदावरही मावशीच लिहिली होती. आणि एकदा हॉस्पिटलातून फोन, की तुमचे भाचे बाथरूममध्ये घसरून पडलेत. मावशी गळ्यातल्या टेपसकट धावली. जाऊन बघते तर भाचे पंच्याहत्तर वर्षांचे. हे आजोबा मुलाकडे म्हणून आले होते. मुलाची बदली लांबच्या शहरात झाली, आणि म्हातारा इथल्या दोन खोल्यांत एकटाच चिकटून राहिला होता. आजोबांना शुद्ध आली तेव्हा उशाशी एक बाई डॉक्टरला फैलावर घेत होती आणि तिच्या ब्लाउजच्या खांद्याला दोरा ओवलेली सुई टोचलेली होती. तेव्हापासून आजोबाही तिला मावशीच म्हणू लागले. फॉर्मवर तर आधीपासून होतीच.

तर इतकं सगळं सुरळीत चाललं असताना मावशीने ताईला कायमचं आपल्याकडे आणायचं ठरवलं.

आई गेली तेव्हा मावशी शाळेत होती. ताईने स्वतःचं शिक्षण सोडून शिवणाचं मशीन घेतलं आणि धाकटीला वाढवलं. बटण लावायला तिनेच शिकवलं, कैची कशी धरायची तेही, आणि रागावलं की कैची कशी आपटायची तेही. ताईने लग्न केलं नाही. आता गुडघे कुरकुरत होते, जिना चढवत नव्हता. 'एकटीच बहीण, दुसरं कुणी नाही' अशा माणसासाठी खास परवाना होता. मावशीने फाइल अशी लावली की बघणाऱ्याचे डोळे निवावेत. कानांसकट फोटो, निळ्या सह्या, शिक्क्यांची भाषांतरं. तिकडे ताईने उत्साहाच्या भरात भाड्याची खोली सोडायची नोटीस दिली, भांडीकुंडी वाटून टाकली आणि मशीनसुद्धा शेजारणीला देऊन मोकळी झाली.

"अगं, परवाना हातात येऊ दे की!" मावशी फोनवर ओरडली.

"तू भरलेला फॉर्म कधी परत आलाय का?" ताई म्हणाली. हे ऐकून मावशी फुशारली, ही तिची चूकच.

कारण आठवड्याभरात तिला खिडकीवर बोलावणं आलं.

त्या खिडकीत एक बाई बसायची. तिचा चष्मा गळ्यातल्या साखळीला लोंबायचा, म्हणून आपल्या लोकांत ती साखळीबाई. कुणाशी जास्त नाही, कमी नाही. ती हसलेली पाहिल्याचा दावा एकट्या टॅक्सीवाल्याने केला होता, आणि त्यावर कुणी विश्वास ठेवला नव्हता. साखळीबाईने चष्मा चढवला आणि विचारलं, "तुम्हाला बहिणी किती?"

"एक," मावशी म्हणाली. विचारलं तेवढंच.

साखळीबाईने स्क्रीन तिच्याकडे वळवला. ऑफिसात नुकताच एक नवा कॉम्प्युटर आला होता आणि त्याला नाती जुळवायचा नाद होता. त्याने एक झाड काढलं होतं. झाडाच्या बुंध्याशी मावशीचा फोटो, आणि वर फांद्याच फांद्या.

"एकेचाळीस जणांनी तुम्ही आईची बहीण असल्याचं लिहून दिलंय," साखळीबाई म्हणाली. "म्हणजे त्यांच्या एकेचाळीस आया तुमच्या बहिणी. ही अर्जातली बेचाळिसावी. तुमच्या आईला त्रेचाळीस मुली होत्या?"

मावशी स्क्रीनवरच्या फांद्या मोजू लागली.

"मुलगा एकही नाही?" साखळीबाईने विचारलं. ती थट्टा करत नव्हती, तिला तो रकाना भरायचा होता.

"अहो बाई, माझी आई दोन बाळंतपणांतच थकली, मग..." मावशी म्हणाली आणि थांबली. कहाणी सांगायची नाही.

साखळीबाईने एका फांदीवर बोट ठेवलं. "हे गृहस्थ पंच्याहत्तर वर्षांचे. यांची आई तुमची बहीण, म्हणजे आज शंभरीच्या आसपास. तुम्ही पंचावन्न." बोट पुढे सरकलं. "आणि इथे जुळी मुलं आहेत. त्यांची आई तुमच्या बहिणीची मुलगी. त्यांचे वडीलही तुमच्याच दुसऱ्या बहिणीचा मुलगा. यांनी एकमेकांशी लग्न केलंय?"

इतका वेळ मावशी घाबरलेली होती. आता ती खवळली.

"अहो, काय बोलता! मावसभावंडं! आमच्यात तसलं काही चालत नाही!" ती इतकी मोठ्याने ओरडली की शेजारच्या खिडकीतल्या माणसाचा शिक्का चुकीच्या कागदावर पडला. परवाना नाकारला असता तर तिने सहन केलं असतं. पण जुळ्यांच्या आईबापाची ही बदनामी तिला झोंबली. तिने जुळ्यांच्या बापाची आई कुठली, आईची आई कुठली, हे सगळं सांगितलं, कुणी विचारलेलं नसताना.

साखळीबाईने ऐकून घेतलं. मग नियम सांगितला. एकेचाळीस जणांनी स्वतः येऊन, या बाईशी आपलं रक्ताचं वा लग्नाचं नातं नाही, असं निवेदन सही करून द्यायचं. शुक्रवारी खिडकी बंद व्हायच्या आत. एक जरी राहिला तरी अर्ज बंद, आणि नवा अर्ज पुढच्या वर्षी.

"पण शेवटी 'इतर' अशी चौकट होती," साखळीबाई म्हणाली. तिला खरंच समजत नव्हतं. "एकानेही ती का वापरली नाही?"

स्वतःचाच नियम मावशीच्या घशात अडकला होता.

घरी तिने हे सगळं सांगितलं तेव्हा नवऱ्याच्या नाकातून चहा आला. तो हसत हसत खुर्चीवरून उठला, भिंतीला टेकला, परत बसला. "बेचाळीस मेव्हण्या!" तो म्हणत राहिला. "आणि मी इतकी वर्षं एकीलाच भीत होतो!" मावशी रागावली. मग तिलाच हसू आलं, आणि मग हसता हसता डोळ्यांत पाणीही आलं, कारण ताईची खोली महिनाअखेर जाणार होती. ताईला फोन लावला तर ती तिसरंच बोलू लागली.

"एकेचाळीस बहिणी केल्यास आणि मला कळवलंसुद्धा नाहीस?"

"ताई, अगं कागदावर!"

"कागदावर का असेना. मी सख्खी, आणि रांगेत शेवटची! इकडे मी सुटकेसवर बसून भात खातेय. माझ्या घरात आता दुसरं फर्निचर नाही."

दुसऱ्या दिवसापासून दुकानात कपडे शिवणं बंद आणि तालीम सुरू. निवेदनाचं वाक्य छापील आणि लांबलचक होतं. रक्ताने, विवाहाने, दत्तकविधानाने, अन्य कोणत्याही प्रकारे वगैरे. त्या भाषेत नवीन असलेल्या माणसाची तिसऱ्या शब्दाला जीभ अडखळायची. म्हणून मावशीने खिडकीत बोलायला एक आखूड वाक्य करून दिलं. 'ती माझी कोणी नाही.' बस्स. चार शब्द. यात कहाणीला जागाच नाही.

"पुढचा!" मावशीने कैची आपटली. "ही बाई तुमची कोण?"

"कोणी नाही, मावशी," नर्स म्हणाली.

"मावशी म्हणायचं नाही!"

"बरं मावशी."

टॅक्सीवाल्याला तर हसूच आवरेना. तो 'ती माझी' इथपर्यंत यायचा आणि फुटायचा. त्याला पडद्याआड पाठवून भिंतीकडे तोंड करून म्हणायला लावलं, तर पडदाच हसू लागला. जुळ्यांच्या आईने नवऱ्याकडे बघून सांगून टाकलं, "तुम्ही कुणीही असा, पण माझे मावसभाऊ नाही, हे आधी लिहून द्या." स्टुलं कमी पडली, माणसं इस्त्रीच्या टेबलावर बसली. सगळेजण एकमेकांना 'तुम्ही माझे कोणी नाही' म्हणून टाळ्या देत होते. आजोबा तेवढे कोपऱ्यात काठीवर हनुवटी टेकून बसले होते. त्यांची पाळी आली तेव्हा ते म्हणाले, "शुक्रवारी बघू."

शुक्रवारी सगळे आले. कुणी अर्धी सुट्टी टाकून, कुणी गणवेशातच. टॅक्सीवाल्याने चार फेऱ्या मारून माणसं आणली. हॉलमधल्या सगळ्या खुर्च्या आपल्याच. मावशी भिंतीशी उभी, गळ्यात टेप तसाच.

साखळीबाईने पहिल्या नंबराला बोलावलं. नर्स पुढे गेली.

"ही बाई तुमची कोण?"

"ती माझी कोणी नाही," नर्स स्वच्छ म्हणाली. मावशीने मनातल्या मनात शाबासकी दिली. मग सही करायची वेळ आली आणि नर्सचं पेन उठेना. ती मागे वळली. "मावशी, पेन!"

मावशीने पर्समधून पेन काढून दिलं. साखळीबाईने चष्म्यावरून पाहिलं आणि शिक्का मारला.

पुढे हेच चालू राहिलं. 'ती माझी कोणी नाही' असं म्हणून एकाने दाराकडे जाता जाता मावशीच्या खांद्यावरचा दोरा झटकला. दुसऱ्याने विचारलं, "मावशी, चहा आणू?" जुळ्यांच्या आईने कोणी नाही, कोणी नाही म्हणत एक जुळं मावशीच्या हातात दिलं आणि सही करायला गेली. ते जुळं टेप चोखत बसलं. टॅक्सीवाला मात्र पास झाला. त्याने डोळे मिटून एका दमात वाक्य म्हटलं, आणि बाहेर जाऊन पायऱ्यांवर पोटभर हसून घेतलं.

मावशीही आधी हसत होती. पण एकच वाक्य, तेच चार शब्द, वेगवेगळ्या तोंडांतून येत राहिले आणि कधीतरी मध्येच तिचं हसू थांबलं. वाक्य तिनेच लिहिलं होतं. प्रत्येकाने ते तिच्यासाठीच म्हटलं होतं. सगळं खरं, सगळं तिच्या भल्याचं. तरीपण ओळीने इतकी माणसं समोर उभी राहून तू आमची कोणी नाहीस म्हणाली, की छातीत कुठेतरी टोचतंच. तिने जुळ्याला उगाच जवळ घेतलं आणि त्याच्या तोंडातून टेप काढून घेतला.

शेवटचा नंबर आजोबांचा. खिडकी बंद व्हायला थोडा वेळ उरला होता. आजोबा काठी टेकत गेले.

"ही बाई तुमची कोण?" साखळीबाईने विचारलं.

आजोबांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"कोण?"

"सांगणार नाही," आजोबा म्हणाले.

मावशी धावत खिडकीशी गेली. "आजोबा! अहो चार शब्द! तालमीत किती वेळा ऐकलेत!"

"ऐकले. मला जमायचे नाहीत." म्हातारा हट्टाला पेटला होता, पण आवाज कापत होता. "मी पडलो तेव्हा या लोकांनी कुणाला बोलावलं? माझ्या पोराला नाही, तो फोनच उचलत नाही. तुला बोलावलं. त्या कागदावरून बोलावलं. तो कागद खोटा होता असं मी माझ्या हाताने लिहून देऊ? वर ही मला विचारणार, आता अडचणीला कुणाचं नाव घालू? कुणाचं घालू मी?"

मावशीला भडभडून आलं. पण घड्याळ समोर होतं आणि सुटकेसवर बसून भात खाणारी ताई डोळ्यांपुढे होती.

"आजोबा," ती म्हणाली, "तुम्ही म्हणाला नाहीत तरी मी यायची थांबणार आहे का? आणि तुम्ही म्हणालात तरी थांबणार आहे का? मग म्हणून टाका ना. माझी बहीण अडकलीय हो."

आजोबांनी तिच्याकडे पाहिलं. मग वळून साखळीबाईकडे पाहिलं, आणि काठीवर रेलून, ज्याला मोठ्याने भांडायचंय अशा आवाजात ओरडले, "नाही! ती माझी कोणी नाही!" आणि सही करून धुसफुसत बाजूला झाले.

साखळीबाईने एकेचाळिसावा शिक्का मारला. कॉम्प्युटरवरच्या झाडाच्या फांद्या एकेक करत गळाल्या आणि शेवटी बुंध्याशेजारी एकच फोटो उरला, ताईचा, दोन्ही कान दिसणारा. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. टॅक्सीवाल्याने टाळीही वाजवली.

"एक रकाना बाद आहे," साखळीबाई म्हणाली.

अडचणीच्या वेळी कुणाला कळवायचं? ताई मावशीकडे राहणार, म्हणून मावशीचं नाव चालणार नाही. दुसरं कुणीतरी हवं. इतक्या फायली लावणाऱ्या बाईने या एका रकान्यापुढे 'बहीण' म्हणून स्वतःलाच लिहून ठेवलं होतं.

मावशीने मागे वळून पाहिलं. हॉल भरून माणसं होती, आणि त्या प्रत्येकाने आत्ताच सही-शिक्क्यानिशी आपण हिचे कोणी नाही असं लिहून दिलं होतं.

"माझं घाला," आजोबा म्हणाले.

"नातं?" साखळीबाईने विचारलं.

"ती शेवटची चौकट द्या."

"तिथे खुलासा लिहावा लागतो."

"लिहितो की." आजोबांनी मावशीचंच पेन घेतलं. मावशीने कपाळावर हात मारला. खुलासा म्हणजे वरचा मजला. आजोबा सावकाश लिहीत होते, ओठ हलवत, आणि मग त्यांनी कागद काचेखालून सरकवला. साखळीबाईने वाचलं. परत वाचलं. मग, हे मावशीनेही पाहिलं आणि निदान दहाजणांनी पाहिलं, ती हसली. तिने चष्मा काढला, साखळीला लोंबू दिला, आणि खुलासा मोठ्याने वाचून दाखवला.

"हिच्या धाकट्या बहिणीचा मी कोणी नाही."

आणि शिक्का मारला. वरच्या मजल्यावर काही गेलं नाही.

ताई आली ती महिनाअखेरच्या रविवारी. विमानतळाच्या दारातून चाकांच्या खुर्चीत बसून, मांडीवर पिशवी, मागे सुटकेस, आणि बाहेर पडायच्या आधीच खुर्ची ढकलणाऱ्याला ती काहीतरी कहाणी सांगत होती. मावशी आडवा दांडा ओलांडूनच पळाली. दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या, रडल्या, आणि लगेच ताई म्हणाली, "बारीक झालीस. आणि हा ब्लाउज कुणी शिवला? बाही चुकलीय."

मग तिने मावशीच्या खांद्यावरून पाहिलं. दांड्यापलीकडे गर्दी उभी होती. नर्स, टॅक्सीवाला, जुळी एकेका खांद्यावर, गणवेशातली माणसं, पुढे काठी टेकलेले आजोबा. सगळे हात हलवत होते.

"अगं, हे सगळे कोण?" ताईने विचारलं.

मावशीने एकदा त्या सगळ्यांकडे पाहिलं. सांगायचं म्हटलं तर प्रत्येकाची एक कहाणी होती. पण विचारलं तेवढंच बोलायचं.

"कोणी नाही," ती म्हणाली.

"एवढे?" ताई म्हणाली, आणि पिशवी आजोबांच्या हातात दिली.